पांढरी पट्टी

हवालदार शंकर खराडे काही चुकीचं शिकवेल, हे दिल्ली कॅन्टच्या त्या क्वार्टर्समध्ये कुणाच्या मनातही यायचं नाही. कुणाचा गीझर बिघडला, बोलवा शंकरला. कुणाच्या पोराला भरतीच्या धावण्याची तयारी करायची आहे, पाठवा शंकरकडे. माणूस होताच तसा, हाकेला धावणारा आणि हातात घेतलेलं तडीला नेणारा. त्याची बायको अक्षता लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्या शब्दाबाहेर फारशी गेली नव्हती. त्यांची मुलगी कादंबरी चौदा वर्षांची. ती मम्मीशी दिवसभर वाद घालायची, पण पप्पांचं नाव निघालं की वाद संपला.

तर या शंकरनं क्वार्टर्समधल्या मुलांना सायकलवरून शाळेत जायला शिकवलं. एका रांगेत जायचं, पुढे कादंबरी, मागे धाकटी पोरं, आणि कायम रस्त्याच्या उजव्या कडेनं.

"समोरून येणारं डोळ्यांना दिसतं," तो सांगायचा. "मागून येणारं दिसत नाही. पाठीला डोळे नसतात, बरोबर? मग पाठ कुणाला द्यायची नाही. गाडी दिसली की खाली कच्च्यात उतरायचं. बिल्कुल सिंपल."

हे त्याला रिक्रूट असताना त्याच्या उस्तादांनी शिकवलं होतं, रस्त्यावर धावताना उजवीकडून धावायचं म्हणून. आणि ते त्याच्या काळजात रुतून बसण्याचं कारण वेगळंच होतं. गावाकडे त्याच्याबरोबर भरतीची तयारी करणारा दामू एका पहाटे डाव्या कडेनं धावत होता आणि मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. शंकर दोन पावलं मागे, कडेच्या कच्च्यात होता. दामूनं वळून बघितलं असतं तर वाचला असता, असं तो अजून म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा आवाज बदलायचा.

आता, धावणाऱ्यानं आणि चालणाऱ्यानं समोरची गाडी बघत जावं, हे खरंच आहे. नाही कोण म्हणतंय? पण सायकल म्हणजे पाय नव्हेत. तिला वेग असतो आणि समोरच्या गाडीलाही असतो, आणि दोन्ही वेग एकमेकांवर धावून येतात. एवढी साधी गोष्ट, पण सांगणारा शंकर असल्यावर कोण विचार करतंय! कादंबरीच्या नव्या सायकलच्या हँडलला मागचं दिसायला छोटा आरसा होता. तो शंकरनंच काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मागे बघायचंच नाही तर आरसा हवा कशाला?

पुढे शंकरची पोस्टिंग पूर्वेकडे, वर डोंगरात झाली. अक्षता आणि कादंबरी क्वार्टरमध्येच राहिल्या. दारात त्याची सेकंडहँड गाडी कव्हर घालून उभी होती, बॅटरी रोज थोडी थोडी मरत होती. शेवटी अक्षतानं कंबर कसली आणि ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

शिकवायला सतबीर यायचा, नजफगढकडचा, पन्नाशीचा. त्याच्या गाडीच्या विंडशील्डवर लाल एल होता, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि हेडलाइटवर त्यानं पिवळा कागद चिकटवला होता. धुक्यात पिवळा उजेड बरा, असं त्याचं म्हणणं. सकाळी तो गेटवर यायचा आणि तिला शाळेच्या पुढच्या चौकापर्यंत नेऊन परत आणायचा. रस्ता दुतर्फा, मध्ये दुभाजक नाही, एका बाजूला लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला किकरची झाडं आणि गटार. एरवी रस्ता शांत असायचा. डिसेंबरच्या शेवटी मात्र धुकं उतरलं आणि रस्ता ओळखीचा राहिलाच नाही.

पहिल्या धुक्याच्या दिवशी चौकातून गाडी वळवून अक्षता घराकडे निघाली, तेव्हा बॉनेटच्या पुढे काहीच नव्हतं. तिची पाचावर धारण बसली. मान पुढे काढून ती काचेत डोळे फाडून बघायला लागली.

"मैडम, सामने मत ढूँढो," सतबीर म्हणाला. "सामने कुछ नहीं मिलेगा. नीचे देखो, बाईं तरफ. सफ़ेद पट्टी दिख रही है? बस, उसको पकड़ लो. कोहरे में सब यही करते हैं. पट्टी छूटी तो समझो रोड छूटी."

तिनं खाली बघितलं. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दिसत होती, थोडीशीच, पण दिसत होती. तिनं चाक त्या पट्टीवर धरलं. गाडी चालू लागली, पट्टी धुक्यातून निघत राहिली आणि चाकाखाली येत राहिली. अक्षताला हायसं वाटलं. जमतंय की, असं ती मनात म्हणालीसुद्धा.

आणि मग त्या पट्टीवर एक चाक उगवलं.

सतबीरनं ब्रेक दाबला तेव्हा अक्षताला अजून कळायचं होतं की ते चाक म्हणजे काय. गाडी गचकन थांबली. समोर निळ्या स्वेटरची एक मुलगी, तिच्यामागे आणखी मुलं, सगळी एका रांगेत. ती हसत हसत कच्च्यात उतरली, गाडीला वळसा घालून पुन्हा पट्टीवर चढली आणि धुक्यात नाहीशी झाली. पुढची मुलगी कादंबरी होती. आत आई बसली आहे, हे तिला कळलंही नाही.

"बच्चे हैं किसके?" सतबीर चिडून म्हणाला. "माँ-बाप ने सिखाया नहीं?"

अक्षताचे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते. धुक्यात प्रत्येक गाडी ती पट्टी धरून येते, आणि तिची पोर रोज त्याच पट्टीवरून त्या गाड्यांच्या तोंडावर जाते. हे तिच्या एकदम लक्षात आलं.

दुपारी कादंबरी घरी आल्यावर तिनं विषय काढला.

"अच्छा, ती एलवाली गाडी तुझी होती?" कादंबरी खुश झाली. "यार मम्मी, सांगायचं ना! आम्ही कधीच बघितली होती. पिवळे पिवळे लाइट. एवढ्या लांबून दिसतात."

"पण मला तू दिसली नाहीस."

"अगं, पण आम्हाला दिसली ना गाडी. कोहऱ्यात पण दिसली. पप्पा तेच तर म्हणतात."

"कादंबरी, उद्यापासून डावीकडून जायचं."

"आणि मागून आली तर? पप्पांच्या त्या फ्रेंडसारखं?" कादंबरीनं दप्तर उचललं. "तू पप्पांना विचार. ते हो म्हणाले तर जाईन."

संध्याकाळी फोन लागला. लागला म्हणजे तुटत तुटत लागला. शंकरनं ऐकून घेतलं आणि तो हसला. हसला, याचाच अक्षताला जास्त राग आला.

"चार दिवस झाले नाहीत स्टेअरिंग धरून, आणि मला रस्ता शिकवतेस? ड्रायव्हरनं हळू चालवायचं असतं धुक्यात. तुझ्या त्या सतबीरला सांग."

"अहो, हळूच होती गाडी. तरी—"

"मुलांच्या डोक्यात घोळ घालू नकोस. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, त्यात जास्त धोका आहे." आणि रेंज गेली.

त्यानंतरचे दिवस अक्षतानं जीव टांगणीला लावून काढले. तिनं ड्रॉवरमधून आरसा काढून सायकलला लावला, कादंबरीनं तो शाळेत जाऊन काढला आणि दप्तरात टाकला. तिनं शेजारणींना सांगून बघितलं. त्या हो हो म्हणाल्या आणि शेवटी एकच बोलल्या, खराडे भाईसाब ने सिखाया है, तो ठीक ही होगा. सकाळी मुलांची रांग गेटबाहेर पडून उजव्या कडेला लागली की ती फाटकाशी उभी राहून कान देऊन ऐकत राहायची. धुक्यात घंटीचे आवाज लांब जात आणि मग बंद होत. गाडी दूरवर कुठेतरी करकचून थांबली की ती दोन पावलं रस्त्यावर धावायची.

एकदा चौकाच्या अलीकडे, अगदी पट्टीला लागून, एक सायकल पडलेली दिसली. पुढचं चाक दुमडलं होतं. बाजूला दुधाच्या कॅनचं झाकण होतं आणि कच्च्यात पांढरं ओघळलेलं होतं. माणूस नव्हता.

"सुबह किसी को लगी होगी," सतबीर गाडी न थांबवता म्हणाला. "उल्टी साइड से आ रहा होगा."

"बचा होगा क्या?" अक्षतानं विचारलं.

सतबीरनं नुसते खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी सायकल तिथे नव्हती. झाकण मात्र तसंच होतं, आणि मुलं त्याच्या शेजारून गेली. कादंबरीनं घरी येऊन सांगितलं की धाकट्यांनी ते झाकण लाथेनं गटारात उडवलं. अक्षता स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडाला लावून रडली.

शंकरला रजा मिळाली की तो कधी कळवत नसे. दार वाजवायचं आणि समोर उभं राहायचं, ही त्याची जुनी खोड. या वेळीही तो असाच आला, रविवारी सकाळी, मंकी कॅपमध्ये, खांद्यावर किटबॅग. कादंबरी त्याच्या गळ्यातच पडली. अक्षतानं त्याला आंघोळीला पाणी दिलं, पोहे दिले, चहा दिला. तो दुसरा कप मागेपर्यंत ती थांबली आणि मग बोलली.

"एक विचारू? चिडायचं नाही."

"विचार की."

"दामू भाऊजींना मागचा ट्रक दिसला नाही, हे खरं. पण त्या ट्रकवाल्याला दामू भाऊजी दिसले होते का? हे कुणी कधी विचारलं?"

शंकरनं कप खाली ठेवला.

"पहाटेची वेळ. अंगावर काळी बनियन, तुम्हीच सांगता. मागे दिवा नाही, चमकणारं काही नाही. त्याला दिसलेच नसतील ते. आपल्याला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्याला आपण दिसलो, असं नसतं हो. मी आत बसून बघितलंय. मला माझी पोर दिसली नव्हती. सतबीरनं ब्रेक मारला नसता तर मीच तिला—"

कादंबरी एकदा शंकरकडे आणि एकदा आईकडे बघत होती. पप्पा आता काय बोलतात, यावर तिचं सगळं ठरणार होतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मुलं डावीकडून जातील."

आणि हातात घेतलं म्हणजे तडीला नेणारच तो. दुपारी स्वतः करोल बागला जाऊन त्यानं लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या आणल्या. प्रत्येक सायकलच्या मागे दिवा बसवला, प्रत्येक दप्तरावर पट्टी चिकटवली. कादंबरीचा आरसा घट्ट पिळून लावला आणि म्हणाला, "हा काढायचा नाही. ऑर्डर आहे." मुलांना गेटपाशी उभं करून त्यानं नवा नियम सांगितला. डावी कड, एक रांग, मागे दिवा चालू, वळताना हात. उद्या मी स्वतः पुढे राहून तुम्हाला पोचवतो, असंही म्हणाला. अक्षता गॅलरीतून हे सगळं बघत होती. कित्येक दिवसांनी तिच्या छातीवरचा भार उतरला.

"तुझा क्लास आहे ना उद्या?" रात्री जेवताना शंकरनं विचारलं. "मग मी परत येताना भेटशील रस्त्यात. मॅडमला सलाम ठोकीन."

"चेष्टा पुरे. आधी मुलांना नीट न्या."

"शब्द दिलाय ना. मुलं डावीकडूनच जातील."

तिला तेवढं पुरलं. तिनं मुलांबद्दलचा शब्द घेतला होता. त्याचा स्वतःबद्दलचाही घ्यावा, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी धुकं असं होतं की गॅलरीतून खालचा सायकल स्टँडसुद्धा दिसेना. शंकर आपली जुनी काळी सायकल घेऊन निघाला. मुलांच्या सायकलींना त्यानं दिवे लावले होते, स्वतःच्या सायकलला लावायचा राहिला होता. मुलांची रांग गेटबाहेर पडली आणि डाव्या कडेला लागली. मागचे लाल दिवे एकामागून एक लुकलुकत गेले. अक्षता ते दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली आणि तिनं देवाला हात जोडले.

सतबीर धुक्यामुळे उशिरा आला. तोवर मुलं शाळेत पोचली असणार, म्हणून अक्षता आणखीच निर्धास्त झाली. तिनं सीट पुढे घेतली, पट्टा लावला, लाइट लावले आणि गाडी शाळेच्या दिशेनं काढली.

"आज हाथ हल्का है आपका," थोडं पुढे गेल्यावर सतबीर म्हणाला.

"आज बच्चे सही साइड से गए," ती म्हणाली आणि हसली.

"अच्छा है. किसने समझाया?"

"उनके पापा ने."

पट्टी चाकाखाली येत होती. भिंत मागे पडली असावी, दिसत नव्हती. समोरून एक ट्रक आला तेव्हा तिनं घाई केली नाही, वेग आणखी कमी केला आणि पट्टी धरून राहिली. ट्रक गेला. तिनं पुन्हा थोडा वेग दिला. सतबीर खिडकीची काच रुमालानं पुसायला लागला.

पट्टीवर चाक उगवलं तेव्हा ते फार जवळ होतं. चाकाच्या वर एक माणूस होता आणि त्या माणसाचा एक हात वर होता, कपाळाशी नेलेला. अक्षतानं पाय दाबला, सतबीरनंही दाबला. आवाज मोठा झालाच नाही. पातेलं ओट्यावरून पडावं एवढाच झाला. मग बॉनेटवरून काहीतरी घसरलं आणि गाडी थांबली.

ती उतरली तेव्हा तिला मंकी कॅप दिसली. सायकल अर्धी गाडीखाली होती. शंकर पट्टीवर आडवा पडला होता आणि त्याचा डावा पाय मांडीपासून भलतीकडे वळलेला होता.

"अगं," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा, जरा दम लागल्यासारखा. "अगं, मी हात केला होता तुला."

"मला नाही दिसलात तुम्ही."

"तुझे पिवळे लाइट तर केव्हापासून दिसत होते. म्हटलं, आता तू थांबशील."

"नाही दिसलात हो," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच म्हणाली, आणि म्हणतच राहिली. "नाही दिसलात मला."

"पण मी समोरच होतो, अक्षता."

धुक्यात मागून हॉर्न वाजला. सतबीर धावत मागे गेला, हात हलवत, ओरडत. एक टेम्पो करकचून थांबला, दोन शिव्या हासडून त्यांना वळसा घालून गेला. मग टेम्पोच्या मागचा एक रिक्षावाला उतरला आणि तिघांनी मिळून शंकरला पट्टीवरून उचललं. उचलताना तो पहिल्यांदा ओरडला. त्याआधी इतक्या वर्षांत अक्षतानं त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं.

खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी अक्षताला बाहेर बोलावून सांगितलं की चालतील, काठी घेऊन चालतील, पण धावणं आता विसरा. ती मान हलवत राहिली. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं गाडी मी चालवत होते एवढं सांगितलं.

कादंबरीला शेजारणीनं दुपारी हॉस्पिटलमध्ये आणलं. पाठीवरच्या दप्तरावर अजून ती चमकणारी पट्टी होती. तिनं पलंगाशी उभं राहून पप्पांच्या पायाकडे बघितलं, मग नळ्यांकडे, मग आईकडे. अक्षतानं नजर चुकवली. पोरीच्या डोळ्याला डोळा द्यायची तिची हिंमत नव्हती. धुक्यात काय झालं, गाडी कुणाची होती, हे शेजारणीनं वाटेत सांगितलेलं होतंच. कादंबरीला एकच गोष्ट कळत नव्हती, आणि ती विचारायला तिला एकच माणूस होता, नेहमीचाच.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला मम्मीची गाडी दिसली नाही?"

शंकरकडे आजवर तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. याचंही होतं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"दिसली गं," तो म्हणाला. "कधीचीच दिसली होती."